नावं गेलेली गाणी

"बॅकअप आहे का?" कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, आणि मार्तंडरावांनी छाती पुढं काढून सांगितलं, "आहे की! नवा कोरा. अख्खी दुपार चालतो."

बस्स. एवढ्या बोलण्यावर घरातली सगळी गाणी पुसली गेली.

आता मार्तंडरावांचं तरी काय चुकलं म्हणा. माणसाचा जन्म लाइटीच्या ऑफिसात गेलेला. अन् जुन्या जालन्यात बॅकअप म्हटलं की कोणाच्याही डोळ्यापुढं इन्व्हर्टरच उभा राहतो. सोयरीक जमवताना पोरीकडची माणसं आधी बॅकअप विचारतात, मग पोराचं शिक्षण. कॉम्प्युटरवाला बिचारा विचारत होता डिस्कमधल्या मालाचं, अन् हे सांगत होते जिन्याखालच्या बॅटरीचं. दोघांनी माना डोलावल्या, दोघांचंही समाधान झालं. त्यानं जुनी डिस्क धुऊन पुसून कोरी केली, नव्या डिस्कला जोड म्हणून आत बसवली आणि कॉम्प्युटरची पेटी घरी पाठवून दिली.

पेटी मात्र तीच. तेवढं बेबीनंदानं बजावून सांगितलं होतं. "दादा, आतलं काय बी बदला, पण वरची पेटी बदलू नका." गाणी पेटीतच असतात, असं ती धरून चालली होती, आणि मार्तंडरावांनी शब्द पाळला. त्यांना वाटलं, गादी पिंजून आणतात तसं हे काम. खोळ तीच राहणार, कापूसही तोच, फक्त जरा फुगून येणार. पुतणीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं, तिला घरी चालणारा कॉम्प्युटर पाहिजे, एवढाच त्यांचा विचार. विचारात खोट नव्हती. म्हणूनच कोणाला धड भांडताही येईना.

ती पेटी संपतनं आणलेली. संपत म्हणजे मार्तंडरावांचा धाकटा भाऊ, बेबीनंदाचा नवरा. बियाण्याच्या कंपनीत होता. गावोगाव फिरायचा, आणि जिथं जाईल तिथले आवाज खिशात घालून आणायचा. लग्नातला बँड, खुरपायला बसलेल्या बायका, गुरुवारचं भजन, सगळं त्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. रात्री घरी आला की पेटीत उतरवून ठेवायचा. एका पावसाळ्यात ताप आला आणि त्या तापातच गेला. तेव्हा त्याची पोर चिन्मयी नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती.

पेटीवर बेबीनंदानं क्रोशाचं झाकण टाकलं ते टाकलंच. दर शुक्रवारी ते काढायची, पेटी पुसायची, पुन्हा घालायची. चालू मात्र कधी केली नाही. एक दिवस ऐकू, म्हणायची. पोरीनं एकदा बटण दाबलं होतं, तर हिनं भिंतीतला प्लगच ओढला. तो एक दिवस असा पुढं पुढं ढकलत गेला, आणि आता ऐकायचं म्हटलं तर डिस्क कोरी.

*

मार्तंडरावांचा मुलगा पार्थ पुण्याहून आला. शुक्रवार-शनिवार पेटीचं पोट उघडून बसला. रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं.

"जेवढं निघालं तेवढं काढलंय," तो म्हणाला. "पुष्कळ गेलं. अन् जे आलंय, त्याची नावं गेलीत. नुसते नंबर दिसतात. कोणतं गाणं कोणाचं, ते ऐकल्याबिगर कळणार न्हाई. तुम्ही ओळखा, मी नाव टाकतो."

"म्हंजे पुन्हा बारसंच की," दिवाणावरून आवाज आला. "मंग मला पुसा. मी समद्यांला वळखते."

ही दैवशालाबाई. मार्तंडराव आणि संपतची आई. पाय पोटाशी घेऊन, गालात सुपारी धरून बसलेली. तिच्या तोंडातून निघालेला उंदीर दारापर्यंत जाईस्तोवर हत्ती होतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तिच्या सांगण्याप्रमाणं संपत लहानपणी गायला की मोंढ्यातली कबुतरं दाणे टिपायचं सोडून रांगेत बसायची. बेबीनंदा हे ऐकलं की उठून स्वयंपाकघरात जायची. नवऱ्याला गाता येत नव्हतं, हे तिच्याएवढं कोणाला माहीत होतं?

आजही ती आत जायच्या बेतातच होती. जिलेबीचा पुडा तिनं ताटात सोडला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जिलेबी मार्तंडरावांनी आणलेली. गुरुवारपासून ते रोज काहीतरी गोड आणत होते आणि रोज ते तसंच पडून राहत होतं.

"खा ना गं बेबी," ते म्हणाले. "गरम आहे."

"तिला काहून आग्रह करून राह्यले?" अरुंधती कडाडली. अरुंधती त्यांची बायको, शाळेत शिकवणारी, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "जिलेबीनं गाणी येतेत का परत? तुमचा बॅकअप चालतो ना अख्खी दुपार, मंग त्यालाच म्हणा आता गाणं म्हण."

"अगं, मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर एक भांडण करून मोकळी झाले असते. तसं न्हाई म्हणून तर चार दिस चाललंय."

बेबीनंदाला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. जाऊबाई एवढी वर्षं नवऱ्याच्या बाजूनं बोलायच्या. गुरुवारपासून त्या हिच्या बाजूला येऊन बसल्या होत्या, आणि ते बरं वाटत होतं.

चिन्मयी कोणाकडंच बघत नव्हती. कॉम्प्युटरच्या अगदी पुढ्यात, गुडघे कवटाळून बसली होती. तिला गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त वडिलांचा आवाज ऐकायचा होता. फोटो होते चार-सहा. पण ज्याच्या हातात माइक, त्याचा आवाज कोण भरणार? तरीपण एवढ्या गाण्यांत कुठंतरी असेल, एखादा शब्द तरी असेल, या आशेवर ती बसली होती.

"लाव दादा," ती पार्थला म्हणाली.

पहिल्याला क्लॅरोनेट निघाला. उंच, लांबच लांब सूर, मागं ताशा.

"हा वाटूरचा बँड," मार्तंडराव म्हणाले.

"वाटूरचा कुठला? हा आपल्या मोंढ्यातला," अरुंधती.

"वाटूर माझं माहेर, मी सांगते," दैवशालाबाई सरसावून बसली. "हा वाटूरचाच. या क्लॅरोनेटवाल्यानं एकदा श्वास घेतला तवा वरात निघाली, अन् सोडला तवा नवरी माप वलांडून घरात गेल्ती. मधी त्याच्या फुगलेल्या गालावर चिमणी येऊन बसली, दम खाल्ला अन् उडून गेली."

"नाव काय टाकू मग?" पार्थनं विचारलं.

"वाटूरचा बँड. चिमणीवाला."

पार्थनं बराबर तसंच टाकलं.

"पप्पा आहेत का यात?" चिन्मयीनं विचारलं.

"न्हाई गं," बेबीनंदा दारातून म्हणाली.

दुसऱ्यात बायका हळदीचं गाणं म्हणत होत्या. ढोलकी इतकी खणखणीत की अरुंधतीचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. "चाँदबी! शेजारची चाँदबी! तिच्याबिगर असा हात कोणाचा न्हाई. परभणीला लेकीकडं गेली तेव्हापासून गल्लीतली हळद मुकी झाली बघ." गाण्यात मधेच एक तान्हं लेकरू किंचाळत होतं.

"अन् हे बेसूर कोण?" चिन्मयी.

"हे तू," अरुंधती म्हणाली. "लग्नभर रडलीस. नवरी रडायची ती राहूनच गेली."

चिन्मयी जरा हसली. मग कान पुढं केला. "पप्पा?"

"न्हाई."

असं चाललं. गाणी येत होती, बारसं होत होतं. काही फाईलींत नुसता खरखराट, काहींत अर्धीच ओळ आणि मग शांतता. पार्थ त्या बाजूला टाकत होता. आणि प्रत्येक गाणं संपलं की पोरीचा तोच प्रश्न आणि आईचं तेच उत्तर. पुढं पुढं तर बेबीनंदाला ते "न्हाई" म्हणणं म्हणजे आपणच माणसाला दारातून परतवून लावतोय असं वाटायला लागलं.

मग ती फाईल लागली.

एकटा पुरुष. टाळ वाजताहेत, लोक मागून ओढताहेत, आणि हा पुढं होऊन म्हणतोय. भरदार आवाज, पण ओळीच्या शेवटी असा लांबवायचा, जशी विहिरीतून भरलेली बादली ओढतोय. बेबीनंदानं पहिल्या ओळीलाच ओळखलं. कडूबा भावजी. संपतचा चुलतभाऊ. भजनाला यायचा तो बसायचा पुढं आणि जायचा सगळ्यांच्या शेवटी.

"हे कोण?" चिन्मयीनं विचारलं. या वेळी तिनं आईकडं पाहिलं नाही. आजीकडं पाहिलं.

दैवशालाबाईनं सुपारी या गालातून त्या गालात घेतली.

"कोण म्हंजे? तुझा बाप!"

चिन्मयी गुडघे सोडून आजीकडं सरकली.

"खरंच, आजी?"

"मंग! अशी बादली वढल्यावानी तान दुसऱ्या कोणाची? एकदा म्हणाया लागला तवा देवापुढली समई इझायची ती तेल नसताना जळत राह्यली. पुजारी म्हणला, बाई, तुमच्या पोराला रोज धाडा, माझा तेलाचा खर्चा वाचंल."

चिन्मयीचं तोंड असं उजळलं, जसं कोणी आत दिवा लावला. "मोठे बाबा, पप्पाच आहेत ना?"

मार्तंडरावांनी आईकडं पाहिलं. आईनं डोळा बारीक केला. आणि त्या माणसाच्या खांद्यावरचं चार दिवसांचं ओझं उतरताना बेबीनंदानं डोळ्यांनी पाहिलं. "हाव की," ते म्हणाले. "संपतच. बिलकुल संपत."

अरुंधती उठून बेबीनंदाजवळ आली आणि तिचा हात दाबला. गप राहा, असं तो हात सांगत होता. होऊ दे. तुझं काय जातंय? घटकाभरापूर्वी नवऱ्याला फाडून खाणारी बाई आता त्यांच्याच बाजूला गेली होती. पार्थला कळलं होतं की नाही कोण जाणे, पण त्याची बोटं टाइप करायला तयार होती.

"संपत काका, असं टाकू?"

तिघं-चौघं एका बाजूला, आणि पोरगी आनंदात. बेबीनंदानं तोंड उघडलं नसतं तर सगळ्यांची सोय होत होती. तिची स्वतःचीसुद्धा. पण तिच्या डोळ्यापुढं आलं की ही पोरगी हे फोनमध्ये घेणार. बसमध्ये कानात घालणार. उद्या स्वतःच्या लेकराला ऐकवणार, हे बघ तुझे आजोबा. आणि कडूबा भावजी तिकडं परतूरच्या बाजाराला सायकलवर वांगी घेऊन चाललेले असणार, धडधाकट.

"न्हाई," ती म्हणाली. "हे कडूबा भावजी हायेत."

"बेबी," अरुंधती हळूच म्हणाली.

"न्हाई अक्का. कडूबा भावजींना बाप म्हणू देऊ का मी तिला?"

 मार्तंडराव जिलेबीकडं बघायला लागले.

चिन्मयी उठून उभी राहिली. रडत नव्हती, ते रडण्याच्या पलीकडचं होतं. "तुला लै पक्कं ठाऊक असतं," ती आईला म्हणाली. "हे न्हाई, हे न्हाई, हे न्हाई. मंग आहे काय? कधी ऐकू दिलंस? कधी सांगितलंस? मी पुसलं की उठून कपडे घड्या करायला जातीस. आजी खोटं सांगती, पण सांगती तरी!"

हे मात्र बेबीनंदाला लागलं. म्हातारीनंही मान खाली घातली, कारण त्यात तिची बाजू घेतली होती की इज्जत काढली होती, हे तिला ठरवता येईना.

बेबीनंदा चौकट सोडून आत आली. खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग जिभेवर वर्षानुवर्षं बसलेला दगड सरकावा तसं बोलायला लागली.

"बसका आवाज होता त्यांचा. सकाळी तर असा, जसा घशात कोणी पोतं टाकलंय. मला नावानं हाक न्हाई मारायचे. 'ऐकतीस का' म्हणायचे. मी म्हणायची, ऐकत न्हाई, तर म्हणायचे, मंग उत्तर कोण देऊन राह्यलं? फोनवर लै जोरात बोलायचे. तुझी आजी म्हणायची, फोन कशाला, खिडकी उघड, परभणीपर्यंत जातंय. अन् गाणं..." ती थांबली. "गाणं न्हाई म्हणायचे. शाळेत एकदा मास्तर हसले, तवापासून न्हाणीत सुदिक न्हाई. म्हणून तर दुसऱ्यांची गोळा करायचे. चांगलं गाणं ऐकलं की एवढं तोंड फुलायचं त्यांचं, पण ओठ मिटलेले. तू झोपायची न्हाईस तेव्हा मलाच म्हणायचे, तू म्हण, मी पाठीवर थोपटतो."

 चिन्मयी उभीच होती. मग बसली. पुन्हा गुडघे कवटाळले, पण आता आईच्या अंगाला लागून.

"हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की संपल्यागत वाटायचं."

पार्थनं खाकरून विचारलं, "याला कडूबा काका नाव टाकतो. थोड्याच राहिल्यात. लावू का?"

चिन्मयीनं मान हलवली.

खरखर. मग रेडिओवरचं कुठलंसं शेतीचं भाषण. मग एक अशी फाईल की जिला पार्थ गाणं समजून पुढं न्यायलाच लागला होता, पण बेबीनंदा म्हणाली, "थांब."

गाणं नव्हतं ते. दैवशालाबाई होती. तिचाच आवाज, पण आतापेक्षा तरणा, टणक, सगळे दात असलेला.

"...तर आमच्या म्हशीनं कडब्यासंगट काकाचा रेडिओ गिळला."

आणि माइकच्या अगदी जवळून, म्हातारीच्या आवाजापेक्षाही मोठ्यानं, कोणीतरी म्हणालं, "हं."

गोष्ट सांगायची तर हुंकारा देणारा लागतोच. "हं" म्हणणारा नसला तर दैवशालाबाई तिथंच थांबते आणि विचारते, भिंतीला सांगू का? तर इथं हुंकारा देणारा होता. आवाज बसका, पोत्यातून आल्यासारखा.

"गिळला तो गिळला, वर सेल बी गिळले."

"हं."

"सकाळी मी धारंला बसले. एका आचळाला हात लावला, तर आतून बाजारभाव! तूर एवढी, कापूस एवढा. दुसऱ्याला लावला, तर भजन."

"हं." यात हसू कोंडलेलं होतं. नाकातून निसटलेलं.

"शिंग जरा पिरगाळलं की हैदराबाद लागायचं."

"हं?" हा जरा संशयाचा.

"खोटं वाटतं का तुला?"

"हं-हं." न्हाई न्हाई, आई, सांग तू, असं ते होतं.

चिन्मयीनं आईकडं मान वळवली. विचारलं काहीच नाही. बेबीनंदानं मान हलवली, एकदाच, आणि मग तिला ती थांबवता येईना. हलतच राहिली. मार्तंडरावांनी चष्मा काढला. अरुंधती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मंग गावात हे कळलं," पेटीतली दैवशालाबाई सांगत होती. "सांजच्याला माणसं भाकरी बांधून गोठ्यात यायला लागली. पुढं बसाया जागा मिळंना. आन तिसऱ्या दिशी काय झालं म्हणतोस—"

तिथंच तुटलं. पुढचं डिस्कवर राहिलंच नव्हतं.

"पुन्हा लाव," चिन्मयी म्हणाली.

पार्थनं पुन्हा लावलं. मग पुन्हा. प्रत्येक "हं" वेगळा होता. एकात तो काहीतरी चावत होता, फुटाणे असावेत. एकात श्वास सोडल्याचा आवाज होता. तेवढंच. शब्द म्हणून एकही नाही. पोरगी ओठ न हलवता तेच "हं" आतल्या आत म्हणून बघत होती, हे तिला टेकून बसलेल्या बेबीनंदाला पाठीतून कळत होतं.

"नाव काय टाकू?" पार्थनं शेवटी विचारलं.

 मग त्यानंच तो नंबर तसाच राहू दिला.

"आजी," चिन्मयी म्हणाली, "तिसऱ्या दिवशी काय झालं?"

दैवशालाबाई पदरानं तोंड पुसत होती. "कशाचं?"

"म्हशीचं."

"मला काय ठाव?" म्हातारी म्हणाली. असा आवाज तिचा कोणी ऐकला नव्हता. "मी काय पाठ केल्तं का? तो समोर असला की निघायचं पुढलं पुढलं."

"मग आत्ता काढ."

म्हातारीनं सुपारी हातात काढून घेतली. पाय खाली सोडले. खोलीभर नजर फिरवली, लेकावर, नातवावर, त्या पेटीवर. "तिसऱ्या दिशी," तिनं सुरुवात केली, "ती म्हैस उठली..." आणि सवयीनं थांबली. वाट बघत राहिली.

पंखा फिरत होता. पार्थला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि मार्तंडराव चष्मा पुसत होते.

"उठली," म्हातारी पुन्हा म्हणाली, बारीक आवाजात, "अन् सरळ पाटलाच्या दारात जाऊन उभी राह्यली."

बेबीनंदा म्हणाली, "हं."